ओव्याचें सामर्थ्य व त्याची मर्यादा

२०२१ सालीं करोनाच्या साथींत कापूर, लवंग व ओवा ह्यांची पुरचुंडी हुंगल्यानें रक्तांतील प्राणवायु वाढतो, अशी वार्ता घरोघर पसरली होती. ती निराधार होती. कापराच्या वासानें नाक मोकळें झाल्यासारखें वाटतें. पण आंत जाणारी हवा वाढत नाहीं. तथापि ओव्यासारखी सुगंधी औषधि खरोखर काय करते, ह्याचा विचार गृहस्थाश्रमी वाचकांस उपयोगी पडेल.

ओव्यास संस्कृतांत यवानी म्हणतात. वैद्यकानें तो दीपन, पाचन व कृमिघ्न मानला आहे. त्याच्या दाण्यांत साधारणतः शेंकडा २ ते ४ भाग सुगंधी तेल असतें, आणि त्या तेलांत निम्म्याच्या आसपास थायमॉल, म्हणजे आपलें ओव्याचें फूल, असतें. १९१४ च्या महायुद्धापूर्वीं हिंदुस्थानांतील ओवा जर्मनीस जात असे, व तेथें त्यापासून थायमॉल काढीत.

लिस्टर ह्यांनीं १८६५ सालीं जखमेवर वापरलेलें कार्बोलिक अॅसिड आणि हें थायमॉल, दोन्हीं एकाच कुळांतलीं. थायमॉल पाण्यांत फारसें विरघळत नाहीं, स्निग्ध पदार्थांत मात्र सहज मिसळतें. जंतूच्या पेशीभोंवतीं स्निग्ध आवरण असतें. थायमॉल त्यांत शिरलें कीं आवरण झिरपूं लागतें, आंतील क्षार बाहेर जातात व जंतु मरतो. म्हणून चूळ भरण्याच्या औषधांत त्याची योजना करतात. विसाव्या शतकाच्या आरंभीं अंकुशकृमींवरहि तेंच देत. कृमि आंतड्यांतच असल्यामुळें औषध त्यांस प्रत्यक्ष भिडे. परंतु मोठी मात्रा रोग्यासहि बाधे, म्हणून पुढें तो उपचार मागें पडला.

येथें 'भिडणें' हा शब्द महत्त्वाचा आहे. पोटांत घेतलेलें थायमॉल शरीर लवकरच दुसऱ्या द्रव्यांशीं जोडून टाकतें व मूत्रावाटे बाहेर घालवितें. रक्तांत तें मूळ रूपानें जवळजवळ उरत नाहीं. तेव्हां कांचेच्या बशींत ओव्याच्या तेलानें जंतु मेले, एवढ्यावरून ओव्याच्या काढ्यानें फुप्फुसांतील जंतु मरतील, असें अनुमान काढणें हा हेत्वाभास होय. रोगप्रतिकारशक्तीसंबंधींहि हाच न्याय लावावा. पेशींवर व उंदरांवर झालेले प्रयोग अभ्यासास दिशा दाखवितात. तेवढ्यानें मनुष्याचा रोग बरा होतो, असें सिद्ध होत नाहीं.

मग घरांत काय करावें? जड जेवणानंतर चिमूटभर ओवा मोठ्या माणसानें खुशाल चावावा. ओव्याचें फूल, पुदिन्याचें फूल व कापूर हे तीन घन पदार्थ एकत्र करतांच त्यांचें पाणी होतें, हीच अमृतधारा. नांव अमृताचें असलें तरी तिची बाटली मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. कापूर पोटांत गेल्यास लहान मुलांस झटके येतात. तान्ह्या मुलाच्या नाकाशींहि ती लावूं नये. श्वास अडण्याचें भय असतें. आणि ताप आलेलें मूल जोरजोरानें धापा टाकूं लागलें, तर पुरचुंडी बांधीत न बसतां त्यास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें. अशा वेळीं गेलेली घटका कोणत्याहि औषधीनें परत मिळत नाहीं.