फाटकावरचा पोलीस आणि आपली सोय

मुलांवरच्या अत्याचाराची बातमी आली, की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत मागणी उठते : शाळेच्या फाटकावर पोलीस नेमा! ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरातल्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला. आरोपी काय भिंत ओलांडून आला होता? तो कंत्राटावर घेतलेला सफाई कामगार. राजरोस हजेरी लावून आत गेलेला. बालवर्गातल्या मुलींना स्वच्छतागृहात न्यायला सेविका हवी, हे कळायला कोणता बंदोबस्त लागतो?

आणि पोलीस तरी कुठे होते? पोलीस ठाण्यातच होते. तक्रार द्यायला आलेले पालक तिथे तासन्‌तास ताटकळले. पुढे जनक्षोभ उसळला, तेव्हा कुठे निलंबनाचे आदेश निघाले.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा 2012 चा. त्याचे कलम 19 सांगते की अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कोणीही ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. संस्थाचालकाने दडवली तर एक वर्षापर्यंत कैद. म्हणजे कायद्याने राखणदारी मुख्याध्यापकापासून शिपायापर्यंत प्रत्येकावर टाकली आहे. पण आपल्याकडे मुलीच्या अंगावरच्या जखमेपेक्षा संस्थेच्या नावावरचा डाग मोठा. ‘कशाला बोभाटा करता?’ हा सल्ला संस्थाचालकच देतात असे नाही. शेजारी देतात, नातेवाईक देतात, आपण देतो.

याच आपण 20 ऑगस्टला रेल्वे रुळांवर उतरून फाशीच्या घोषणा दिल्या. 23 सप्टेंबरला मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीत आरोपी गोळी लागून मेला, तेव्हा फटाके वाजवले, पेढे वाटले. खटला चाललाच नाही, याची खंत किती जणांना वाटली? दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने त्या मृत्यूसाठी पाच पोलिसांवर ठपका ठेवला, तोवर पेढे केव्हाच पचले होते. पालकांना ताटकळत ठेवणारी खाकी आणि न्यायालयाआधी निकाल लावणारी खाकी एकच. पहिलीवर आपण दगड मारले, दुसरीवर फुले उधळली!

प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असावी, असा शासन निर्णय मार्च 2022 मध्ये निघाला. आपल्या मुलांच्या शाळेत ती आहे का? तिची शेवटची बैठक कधी झाली? पालकसभेत फीवाढीवर तास तास भांडणाऱ्यांनी हे दोन प्रश्न कधी विचारले? पोलीस हवा तर जरूर मागा. पण आधी कंत्राटदाराचा करार, कामगारांची चारित्र्य पडताळणी आणि त्या समितीचे इतिवृत्त मागा. संस्थाचालक रागावतील, ‘तुमच्या पाल्याचा दाखला घेऊन जा’ म्हणतील. तेवढा राग झेलायची तयारी नसेल, तर फाशीची घोषणा द्यायचा अधिकारही आपल्याला नाही.