रुग्णाची नोंद की पेढीची खातेवही?

वैद्यकीय विद्यार्थ्यांना संगणकावर रुग्णनोंदी ठेवण्यास शिकवले पाहिजे, हा आग्रह २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनची देशव्यापी घोषणा झाल्यापासून वाढत गेला आहे. आग्रह रास्त आहे. परंतु शिकवायचे काय, कोणी आणि कोणाच्या हितासाठी, हे प्रश्न टाळून दिलेले शिक्षण म्हणजे फुकटच्या कारकुनांची भरती होय.

संगणकाला विरोध करण्याचे कारण श्रमिकांच्या कैवाऱ्यांना मुळीच नाही. कागदी केसपेपरचे गोडवे गावेत अशी स्थिती कधीच नव्हती. बीडची ऊसतोड करणारी स्त्री गरोदरपणी परजिल्ह्यातील फडावर जाते, तेव्हा तिच्या रक्तक्षयाची आणि मागच्या अवघड बाळंतपणाची हकीकत गावच्या आरोग्य केंद्रात पडून राहते. ती नोंद तिच्यामागून गेली, तर तिचा जीव वाचू शकेल. मात्र मुळात ती कोणीतरी नीट लिहिलेली असली पाहिजे.

नीट लिहिणे म्हणजे काय? अमेरिकन वैद्य लॉरेन्स वीड यांनी १९६८ साली याचे उत्तर दिले. रुग्ण काय सांगतो, तपासणीत काय आढळले, त्यावरून निष्कर्ष कोणता आणि पुढील योजना काय, अशा क्रमाने प्रत्येक समस्येची नोंद व्हावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. नोंद ही वैद्याच्या विचारशक्तीची कसोटी असून तीच विद्यार्थ्याची शाळा आहे, ही त्यामागची दृष्टी.

त्याच अमेरिकेत पुढे काय घडले? २००९ च्या कायद्याने संगणकीय नोंदींसाठी सरकारी तिजोरीतून तीस अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम खर्ची पडली. परंतु तेथील आरोग्यसेवा विमा आणि बिले यांच्या दावणीला बांधलेली! नोंदीचा रकाना बिलाच्या सोयीने आखला गेला, आणि जुना मजकूर जसाच्या तसा उतरवून पाने भरण्याची रीत बोकाळली. विद्यार्थ्याने लिहिलेली नोंद बिलासाठी ग्राह्य नव्हती, म्हणून अनेक रुग्णालयांनी त्याला लिहूच दिले नाही. २०१८ साली नियम सैल झाला आणि विद्यार्थ्याची नोंद तपासून ती ग्राह्य धरण्याची मुभा अध्यापक-वैद्यांना मिळाली. विद्यार्थ्याने काय शिकावे, हे अध्यापकाने ठरवण्याऐवजी बिलाच्या नियमाने ठरवले!

भारताने हा धडा घेतलेला बरा. पदवी अभ्यासक्रमाच्या २०१९ च्या नियमांत रुग्णाची अचूक व सुस्पष्ट नोंद ठेवण्याचे कौशल्य समाविष्ट होते. ते रुग्णशय्येपाशी, अध्यापकाच्या देखरेखीखाली शिकवले गेले पाहिजे. यंत्रणा विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने कळा दाखवून ते येणार नाही. एकाच कंपनीच्या पडद्यावर घडलेला वैद्य तिचा कायमचा गिऱ्हाईक होतो. याला पर्याय नाही असे कोणी म्हणू नये. छत्तीसगडमधील गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयात आकाराला आलेली ‘बहमनी’ ही मुक्त प्रणाली कोणालाही विनामूल्य वापरता येते.

शिक्षणात आणखी दोन गोष्टी अनिवार्य हव्यात. पहिली रुग्णाच्या हक्काची. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मानकांनुसार नोंदीतील माहिती रुग्णाच्या मालकीची असून रुग्णालय केवळ तिचे विश्वस्त आहे. तेव्हा गर्भपात, एचआयव्ही वा मनोविकार यांची नोंद करताना ती कोण पाहू शकेल, हे रुग्णाला तिच्या भाषेत सांगता आले पाहिजे. कागदावर उमटवलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे. दुसरी, यंत्र बंद पडल्यावरच्या कामाची. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि कित्येक दिवस नोंदणीपासून अहवालांपर्यंतचे काम हाताने करावे लागले. विचार यंत्राच्या स्वाधीन केलेला वैद्य अशा वेळी काय करील?

सरकारी रुग्णालयांच्या दारी येणारा गरीब आपली व्यथा विश्वासाने सांगतो. त्या विश्वासाचे रूपांतर विक्रीयोग्य मालात होऊ द्यायचे की नाही, हा प्रश्न राजकीय आहे. त्याचे उत्तर विद्यार्थ्यांना वर्गातच मिळाले नाही, तर बाजार ते देण्यास टपलेलाच आहे.