भुतांचं टाइमटेबल

सध्या आपल्या बॉईज हॉस्टेलवर एक नवीन फॅड आलंय. अमावस्या आली की चार-पाच बाइक काढायच्या, पैठण रोडने बिडकीनच्या पुढे जायचं आणि एखाद्या मळ्यातल्या जुन्या विहिरीपाशी भूत शोधत बसायचं. (आमचं गेट साडेआठला बंद होतं, त्यामुळे भूत बघायचा हक्कसुद्धा फक्त मुलांना!) परत आले की ही मंडळी छाती फुगवून सांगतात, "आम्ही अंधश्रद्धा मानत नाही, म्हणून तर गेलो."

मग मित्रांनो, अमावस्याच का? साधा मंगळवार का नाही? सबमिशनची आदली रात्र का नाही?

माझं गाव बिडकीन, पण शाळा शहरातल्या कॉन्व्हेंटमध्ये. त्यामुळे माझ्याकडे भुतांची दोन कॅलेंडरं आहेत. शाळेत मैत्रिणी तेरा तारखेच्या शुक्रवारला घाबरायच्या. घरी आजी अमावस्येला विहिरीकडे फिरकू द्यायची नाही. आजीला त्या शुक्रवारचा पत्ता नाही आणि अमावस्या कधी आहे हे अर्ध्या वर्गाला माहीत नसायचं. म्हणजे भूतसुद्धा मीडियम बघून येतं!

बरं, तिथी असते साधारण १९ ते २६ तासांची. ती भर दुपारी लागू शकते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संपू शकते. मग भूत दुपारपासून ड्यूटीवर असतं का? आपला पोळा श्रावण अमावस्येला, लक्ष्मीपूजन आश्विन अमावस्येला. त्या रात्री फटाके उडवताना भूत कुणालाच आठवत नाही, कारण उजेड असतो ना!

पुण्याचा शनिवारवाडा घ्या. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला, ऐन गणपतीत झाला. गणपती बसतात चतुर्थीला आणि जातात चतुर्दशीला, मधे ना अमावस्या ना पौर्णिमा. तरी 'काका मला वाचवा' ही हाक कुणी म्हणतं अमावस्येला ऐकू येते, कुणी म्हणतं पौर्णिमेला. तारीख भुताने नाही, आपणच ठरवली.

नुसती गंमत असती तर मी लिहिलंच नसतं. पण तुम्ही ज्या अमावस्येला थ्रिल म्हणून निघता, तीच अमावस्या गाठून 'बाहेरची बाधा' झालेल्या एखाद्या बाईला मांत्रिकापुढे बसवतात. तिला गरज डॉक्टरची असते, मिळतो मार. डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं याविरुद्ध कायदा मागत होते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण केली तर सहा महिने ते सात वर्षं कैद आहे.

आणि तुम्ही मेसमध्ये सांगता, "पांढरं काहीतरी दिसलं यार!" फर्स्ट इयरचा पोरगा ते घरी फोनवर सांगतो. गावात त्याचं होतं, 'इंजिनिअरिंगच्या पोरांनीसुद्धा पाहिलं.' मांत्रिकाला याहून चांगलं सर्टिफिकेट कोण देणार?

तरीही जायचंच असेल तर लॅबमध्ये शिकलात तसं करा. चिठ्ठ्या टाकून महिन्यातल्या पाच रात्री काढा, तिथी कुणालाच सांगू नका, जे दिसेल ते जागेवर लिहा आणि मग पंचांगाशी ताडून बघा. बॅटरी मात्र चांगली न्या. आमच्याकडच्या कितीतरी विहिरींना कठडा नाही, आणि साप काही तिथी बघून बाहेर पडत नाहीत.