आधी घडलेलं आधी पाहू नका

'गंडम पाहायचंय, सुरुवात कुठून करू?' हा प्रश्न अ‍ॅनिमे पाहणाऱ्यांच्या गप्पांत निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, कथेतल्या सनावळीप्रमाणे पाहा. दुसरा म्हणतो, मालिका ज्या क्रमाने निघाल्या त्या क्रमाने पाहा. मी दुसऱ्या तटातला, आणि बऱ्यापैकी हट्टी!

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. योशियुकी तोमिनो यांची 'मोबाइल सूट गंडम' ही मूळ मालिका १९७९ साली जपानमध्ये सुरू झाली. ५२ भाग ठरले होते, पण प्रेक्षक मिळेनात म्हणून ४३ भागांत गुंडाळली गेली. पुढे पुनःप्रक्षेपणांनी, प्लॅस्टिकच्या जोडायच्या प्रतिकृतींनी आणि १९८१-८२ मधल्या तीन चित्रपटांनी तिला असं काही उचललं, की ४५ वर्षांनंतरही नवं गंडम येतंच आहे. त्यातल्या 'विंग' (१९९५), 'सीड' (२००२), 'विच फ्रॉम मर्क्युरी' (२०२२) वगैरेंची जगं स्वतंत्र आहेत. त्या खुशाल हव्या त्या क्रमाने पाहा. भांडण आहे ते मूळ कथेच्या 'युनिव्हर्सल सेंच्युरी' या कालगणनेवरून.

सनावळी लावली तर आधी येतो 'द ओरिजिन'. २०१५ ते २०१८ मध्ये आलेले हे सहा भाग कथेतल्या ००६८ या सनापासून सुरू होतात. चित्रं देखणी, हाताळणी झकास, त्यामुळे नव्या माणसाला हेच आधी दाखवावं असा मोह होतोच. पण मूळ मालिकेचा अर्धा जीव आहे शार या मुखवटेधारी शत्रूत. दुसऱ्याच भागात गंडमच्या बाजूची सायला समोर येते आणि हा थबकतो. दहाव्या भागात स्वतःच्याच पक्षातल्या मित्राशी असं काही वागतो, की आपण चक्रावतो. कारण हळूहळू उलगडतं. ते मी इथे सांगणार नाही; 'ओरिजिन' मात्र पहिल्याच भागात सांगून टाकतो. मग तो मुखवटा उरतो निव्वळ शोभेला.

आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. महाभारत तरी कुठे शंतनूपासून सुरू होतं? आधी नैमिषारण्यात सौती येतो, मग जनमेजयाचं सर्पसत्र, आणि त्याचे पूर्वज मागाहून. कथेतला काळ वेगळा आणि सांगण्याचा क्रम वेगळा.

१९८९ चं 'वॉर इन द पॉकेट' हे तर याचं सर्वांत चांगलं उदाहरण. फक्त सहा भाग, दिग्दर्शक फुमिहिको ताकायामा, म्हणजे तोमिनोंखेरीज दुसऱ्या कोणीतरी केलेलं पहिलं गंडम. कथा मूळ युद्धातल्याच डिसेंबर महिन्यातली. नायक कोण, तर अल नावाचा एक शाळकरी पोरगा. युद्ध म्हणजे त्याला मोठी गंमत वाटते. कुठलं यंत्र कुठल्या बनावटीचं हे तो मित्रांना ऐटीत सांगतो. आता, ज्याने आधीचे ४३ भाग त्याच यंत्रांवर खूश होऊन पाहिलेत, त्याला या पोराच्या जागी आपण दिसतो. मग शेवट जो लागतो, तो आपल्याला लागतो. मूळ मालिका न पाहता हेच पाहिलं तर ती फक्त एका मुलाची हळवी गोष्ट होते. चांगलीच, पण दुसऱ्याची.

'झेटा'चंही (१९८५) तसंच. ज्या फेडरेशनच्या बाजूने आपण लढलो, ते सात वर्षांत असं दडपशाहीवर का उतरलं, हे न कळण्यातच तिच्या सुरुवातीची बेचैनी आहे. ती पोकळी भरून काढणारी '००८३' ही मालिका १९९१-९२ मध्ये आली. आधी उत्तर वाचून मग कोडं कशाला घालायचं?

१९७९ ची चित्रं आज ओबडधोबड दिसतात, हा आक्षेप मात्र खरा आहे. पंधरावा भाग तर खुद्द तोमिनोंनी अमेरिकेतल्या प्रकाशनातून वगळायला लावला होता. (त्याच भागावर २०२२ मध्ये अख्खा चित्रपट निघाला, ही गंमत निराळी!) अगदीच जमत नसेल तर ते तीन चित्रपट पाहा. पण २००५-०६ चे 'झेटा'चे चित्रपट मालिकेऐवजी नकोत. त्यांचा शेवट बदललेला आहे, आणि त्यानंतर 'डबल झेटा' लावली तर सांधा जुळत नाही.

सनावळीचा क्रम दुसऱ्या वेळी पाहताना मजा आणतो, तेव्हा जरूर घ्या. २०२५ ची 'जीक्वॅक्स' मात्र शेवटीच ठेवा. मूळ पहिल्या भागात गंडम दुसऱ्याच्याच हाती लागलं असतं तर, यावरच ती उभी आहे.