तोल फळीतही असतो

कळंबच्या किनाऱ्यावर कुणी स्लॅलम स्की, म्हणजे होडीमागे एकाच फळीवर उभं राहून बोयांना वळसे घेत जाणं, शिकू नये, हे आधीच सांगतो. इथला किनारा सपाट आहे, ओहोटीला पाणी लांब जातं, भरतीला लाटा फुटतात आणि दुपारी वारा सुटला की सगळं पाणी खवळतं. शिवाय अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंत मच्छीमारांच्या होड्या आणि जाळी. होडीच्या दोरीला धरून ताशी पन्नास किलोमीटरने जाणाऱ्याची ही जागा नव्हे. त्याला तलाव हवा, धरणाचा फुगवटा हवा. पण आमच्या किनारपट्टीवरची पोरं पाण्याला भीत नाहीत. उद्या त्यांतलं कुणी शांत पाण्यावर एकाच फळीवर उभं राहील, तेव्हा त्याला जे सल्ले मिळतील त्यांतले निम्मे चुकीचे असतील. माझा वाद त्या सल्ल्यांशी आहे.

पहिला सल्ला असा: तोल माणसाच्या अंगात असतो, फळी कुठलीही चालते. ऐकायला हे मर्दानी वाटतं, पण वॉटर स्कीइंगचा जन्मच त्याला खोटं ठरवतो. १९२२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, लेक पेपिनवर, राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या मुलाने आधी पिंपाच्या फळ्यांवर उभं राहून पाहिलं, मग बर्फावरच्या स्कीजवर. दोन्ही वेळा तो बुडाला. मग त्याने पाइनच्या आठ फुटी फळ्या आणल्या, त्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळवली, आणि २ जुलैला तो पाण्यावर उभा राहिला. मागे रेलून टोकं पाण्याबाहेर ठेवायची युक्ती त्याची स्वतःची होती, हे खरंच. पण तीच युक्ती पिंपाच्या फळ्यांवर त्याला वाचवू शकली नसती. अंगातला तोल पाण्यापर्यंत पोचतो तो फळीतूनच.

दुसरा सल्ला जास्त घातक, कारण तो महाग आहे: विजेते वापरतात तीच फळी घ्या. विजेता कुठल्या पाण्यात काय करतो ते बघू या. स्पर्धेचा मार्ग प्रवेशद्वारापासून निर्गमद्वारापर्यंत २५९ मीटरचा. सहा बोये, प्रत्येक बोया मधल्या रेषेपासून ११.५ मीटरवर. पुरुषांसाठी होडीचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर, म्हणजे सगळा मार्ग सुमारे सोळा सेकंदांत संपतो. दोरी १८.२५ मीटरपासून टप्प्याटप्प्याने कमी होत ११.२५, १०.७५ आणि त्याहूनही खाली येते. म्हणजे दोरी बोयापर्यंत पोचतच नाही आणि उरलेलं अंतर माणूस अंग झोकून भरून काढतो. त्या कामासाठी घडवलेली अरुंद, ताठर फळी ताशी ४२ च्या वेगाने शिकणाऱ्याच्या पायाखाली काय करेल? पाण्याची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ५८ च्या जागी ४२ आले की त्याच फळीला, त्याच कोनात, जवळपास निम्मीच उचल मिळते. फळी बुडते, टोक वर येतं, शिकणारा मागच्या पायावर बसतो. मग सगळे म्हणतात, याला तोल नाही. मुळात फळीच त्याच्या मापाची नव्हती.

म्हणून फळी निवडताना दोनच गोष्टी आधी विचाराव्यात: वजन किती आणि वेग किती. सत्तर ते पंच्याऐंशी किलोच्या माणसाला साधारण ६७ इंची फळी बसते. जड माणसाला लांब, हळू जाणाऱ्याला रुंद. ताठरपणा, कडेचा उतार, तळाची खोल पन्हळ हे सगळं त्यानंतर.

तिसऱ्या सल्ल्याला दोन तोंडं आहेत. एक म्हणतं, कारखान्यातून आलेल्या मापांना हात लावू नका. दुसरं म्हणतं, पडलात की लगेच फिन हलवा. दोन्ही मला मान्य नाहीत, आणि इथे थोडं थांबायला हवं.

फळीच्या शेपटाखालच्या पात्याला फिन म्हणतात. ते किती लांब, किती खोल आणि शेपटापासून किती अंतरावर, ही मापं व्हर्नियर कॅलिपरने इंचाच्या हजाराव्या भागात घेतात. दहा हजारांश म्हणजे पाव मिलिमीटर, आणि तेवढ्यानेही वळण बदललेलं पायाला कळतं. वळताना शेपूट घसरत असेल तर फिनची खोली थोडी वाढवून पाहावी. टोक पाण्यात खुपसून फळी एकदम थांबत असेल तर फिनची लांबी कमी करावी किंवा पुढच्या पायाचं बाइंडिंग, म्हणजे पाय अडकवायचा बूट, किंचित मागे घ्यावं. टोक वर राहून वळणच लागत नसेल तर बाइंडिंग पुढे. फिनवरच्या छोट्या पंखाचा कोन वाढवला की बोयाजवळ येताना वेग जास्त कमी होतो. आमच्या कोळ्यांना हे नवं नाही. बर्फ आणि जाळी पुढे रचली की होडीची नाळ पाण्यात घुसते, सगळा भार मागे गेला की ती वर उचलते आणि सुकाणू हवं तसं ऐकत नाही. फळीवर भार म्हणजे तुमचं शरीर, आणि तो कुठे ठेवायचा हे बाइंडिंग ठरवतं.

तेव्हा कारखान्याची मापं ही सुरुवात मानावी. ती ज्या पाण्यात ठरली ते पाणी तुमचं असेलच असं नाही. समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जास्त घन असतं, त्यामुळे फळी किंचित वर तरंगते. पंचवीस अंशांच्या पाण्याचा चिकटपणा दहा अंशांच्या पाण्याहून जवळपास एक तृतीयांश कमी असतो. थंड तळ्यावर जुळवलेली फळी आपल्याकडच्या कोमट पाण्यात जशीच्या तशी वागावी, ही अपेक्षाच चुकीची.

पण म्हणून दर पडण्यानंतर पाना घेऊन बसणं शहाणपणाचं होत नाही. मूळ मापं वहीत लिहा. एका वेळी एकच बदल करा, तोही लहान. होडीचा वेग, दोरी आणि शक्य तर पाण्याची वेळही तीच ठेवा, आणि बऱ्याच फेऱ्यांनंतरच निर्णय घ्या. जवळपास प्रत्येकाचं एका बाजूचं वळण सोपं असतं, दुसरीकडचं अवघड. बदल दोन्ही बाजूंना जोखा. सोप्या बाजूला सुख देणारा आणि अवघड बाजूला पाडणारा बदल मागे घ्या. दोन्ही पायांवर भार वाटला जातोय आणि दोन्ही वळणांत फळी सारखीच वागतेय, तेव्हाच फळी जुळली असं मी मानतो.

हा श्रीमंतांचा छंद आहे, असं कुणी म्हणेल. महागडी फळी घेणं श्रीमंतांचं काम असेल, पण वही, कॅलिपर आणि धीर यांना फार पैसे लागत नाहीत. आपल्या वजनाची, आपल्या वेगाची वापरलेली फळी चुकीच्या मापाच्या नव्या फळीपेक्षा केव्हाही बरी. तेव्हा दुकानात गेलात तर आधी आपलं वजन, होडीचा वेग आणि पाणी कुठलं ते सांगा. किंमत शेवटी विचारा. आणि पहिली फेरी लाइफ जॅकेट घालून, होडीत मागे बघणारा दुसरा माणूस बसवून, शांत पाण्यावरच घ्या.