पानांची साक्ष आणि पंचांचे औदार्य

हौशी पोकर स्पर्धांविषयी आमच्या मित्रवर्गात (आणि आश्चर्य म्हणजे साहित्याच्या अध्यापकांतही) एक मत फार सहजपणे मांडले जाते. पाने वाटणाऱ्याचा हात चुकला, एखाद्या डावावर वाद झाला, तर टेबलावरच्या सर्वांनी समजुतीने घ्यावे. शेवटी हा खेळ आहे, न्यायालय नव्हे. मत सोज्वळ आहे, म्हणूनच त्याचा समाचार घेणे अगत्याचे आहे. व्यावसायिक स्पर्धेत वाटणारा स्वतः खेळत नसतो. पबमधल्या किंवा कोणाच्या घरच्या स्पर्धेत तो बहुधा त्याच डावात बसलेला असतो, आणि त्याची चूक माफ करणारेही त्याच डावात असतात. अशा ठिकाणी ‘समजूत’ या शब्दाचा अर्थ ‘बळी तो कान पिळी’ एवढाच उरतो, असे आमचे म्हणणे आहे.

नेहमीचा तंटा घेऊ. टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन झाकलेली पाने मिळतात व मधोमध पाच पाने उघडली जातात: आधी तीन, मग एक, मग शेवटचे. प्रत्येक टप्प्यावर बोली होते. समजा, चौथ्या पानानंतरची बोली पुरी व्हायची आहे आणि वाटणाऱ्याने घाईत पाचवे पान उलटले. ते नेमके बदामाचे निघाले. बदामाची चार पाने जुळवून बसलेल्याचा फ्लश पुरा झाला. नियम असा की राहिलेली बोली पुरी करायची, ते पान उरलेल्या गठ्ठ्यात मिसळून पिसायचे आणि नवे पान उघडायचे. ‘माझे पान गेले!’ असा आक्रोश होतो आणि टेबल विरघळते. पण ते पान त्याचे होते कधी? त्याने न पाहिलेल्या ४६ पानांपैकी ९ बदामाची होती. ही सुमारे पाचात एक शक्यता तेवढी त्याची, आणि पुन्हा पिसल्यावर ती त्याला जवळजवळ जशीच्या तशी परत मिळते. उलट ते पान कायम ठेवले, तर शेवटचे पान येण्याआधीच मोठी बोली लावून समोरच्याला हुसकून लावण्याचा, ज्याची पाळी राहिली होती त्याचा हक्क बुडतो. त्याचा आक्रोश मात्र कोणाला ऐकू येत नाही, कारण त्याने काही गमावल्याचे डोळ्यांना दिसतच नाही.

‘पाने बोलतात’ हे तत्त्व तर साहित्याच्या विद्यार्थ्यांना आपलेसे वाटावे. शेवटी पाने उताणी मांडल्यावर खेळाडू स्वतःच्या हाताला काय म्हणतो याला किंमत नाही. ‘दोन जोड्या’ म्हणणाऱ्याच्या पानांत न दिसलेला क्रम असेल तर तो क्रमच मानायचा. विमसॅट आणि बिअर्ड्स्ली यांनी १९४६ मध्ये लेखकाच्या हेतूला न्यायासनावरून खाली उतरवले, ते याहून फार निराळे नव्हते. बोली लावताना मात्र पाळीवर उच्चारलेला शब्द बांधतो. समोर बोली असताना न बोलता एकच मोठी चिप टाकली, तर ती फक्त बरोबरी. वाढवायचे मनात होते, हे सांगून भागत नाही. म्हणजे एका ठिकाणी पाने, दुसऱ्या ठिकाणी शब्द. हेतू दोन्हीकडे साक्षीदार म्हणून नाकारलेला.

स्मृतीचेही तेच. २००६ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत प्रल्हाद फ्रीडमन यांनी जेफ लिसांड्रो यांच्यावर अँटे न भरल्याचा आरोप केला. लिसांड्रो यांनी ती भरली होती, हे चित्रीकरणात दिसले. फ्रीडमन जाणूनबुजून खोटे बोलत होते असे मानण्याचे कारण नाही. हौशी टेबलावर चित्रीकरण नसते, स्मरणांची मतमोजणी असते.

आता आमच्या मित्रांचा हुकमाचा एक्का. वाटणाऱ्याने एखाद्याची झाकलेली पाने चुकून टाकलेल्या पानांच्या ढिगात ओढली, तर दाद मिळत नाही. आपल्या पानांची राखण आपणच करायची. (त्यांवर चिप ठेवण्याची पद्धत त्यासाठीच.) नवख्याला हे ठाऊक नसते. आम्हांलाही हा नियम टोचतो. परंतु पर्याय कोणता? ‘माझ्याकडे एक्क्यांची जोडी होती’ हे विधान! ते एकदा मान्य केले की पुढे प्रत्येक ढिगातून एक्क्यांची जोडी निघेल. सर्वांसमक्ष उताणी मांडलेली, उघडच जिंकणारी पाने ओढली गेली तर मात्र ती मरत नाहीत, कारण ती बोलून झालेली असतात. नवख्याची खरोखर कणव असेल, तर असे चार-सहा नियम पहिला डाव वाटण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवावेत. यजमानांना तो पाच मिनिटांचा कंटाळा परवडत नाही. रात्री अकरा वाजता औदार्य मात्र परवडते.

२००१ मध्ये स्थापन झालेल्या टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनच्या नियमावलीचा पहिलाच नियम आमच्या तोंडावर फेकला जातो: असामान्य परिस्थितीत न्याय्यता तांत्रिक नियमाहून वरचढ ठरू शकते. ठरू शकते खरी. पण तो अधिकार पंचाला आहे, पंचायतीला नाही. आणि घाईने उलटलेले पान ही असामान्य परिस्थिती नव्हे, तिच्यासाठी स्वतंत्र नियम लिहिलेला आहे. सभापर्वातल्या द्यूतसभेत स्वतःला हरलेल्या माणसाला पत्नीला पणाला लावता येते का, हा प्रश्न फासे पडून गेल्यावर विचारावा लागला. भीष्मांनी धर्म सूक्ष्म असल्याचे सांगितले, विकर्ण बोलला तेव्हा कर्णाने त्याला गप्प बसवले. तिथेही नियम कोणी आधी वाचून दाखवला नव्हता.

पुढच्या डावासाठी पाने पिसायला घेतली की मागच्या डावाविषयी तक्रार करण्याचा हक्क संपतो. तेवढ्या वेळात जुना खेळाडू आपली बाजू दोनदा मांडून मोकळा होतो, आणि नवखा आपल्याला बोलायची मुभा आहे की नाही हे इतरांच्या चेहऱ्यांवर शोधत राहतो. डावाबाहेरचा पंच आणायचा कोठून, अशी सबब यावर सांगितली जाते. पहिल्या तासात बाद झालेले दोघे-तिघे सोफ्यावर बसून असतातच. त्यांतल्या एकाच्या हाती नियमांचा कागद द्यावा, आणि हात कोणाचा आहे हे सांगण्याआधी त्याला फक्त घडले काय एवढेच सांगावे.