भिंत कुणाच्या बापाची?

पुण्यात एखादा जरा वाकडंतिकडं बोलला की लोक म्हणतात, ह्याला येरवड्याला धाडा. एक तर वेड्यांचं इस्पितळ, नाही तर जेल. नदीपलीकडचा हा भाग शहराच्या तोंडी एवढाच. मी पर्वतीच्या पायथ्याचा. ह्याच शहरात जन्मलो, पण येरवडा मला बसच्या पाटीवर जेवढा दिसला तेवढाच ठाऊक. परवा दोन दिवस तिथल्या गल्ल्या पायी फिरलो. भिंती वाचत फिरलो. त्यावरून काही बोलायचंय. गोड बोलणार नाही.

शहरात हल्ली भिंतीवरच्या चित्राला 'स्ट्रीट आर्ट' म्हणतात. 2012 साली कसबा पेठेत ह्याच नावानं भिंती रंगल्या. चित्रं चांगली होती, चित्रकारांशी माझं भांडण नाही. वाडे बघायला येणारे चित्रंही बघू लागले, फोटो निघाले, पेपरात छापून आले. मग जानेवारी 2023 मध्ये जी-20 ची बैठक पुण्यात भरली. परदेशी पाव्हणे विमानतळावरून येणार म्हणून रस्त्याकडच्या भिंतींना रंग फासला. वारकरी, ढोलताशे, फुलं, पक्षी. भिंतीमागं राहणाऱ्या माणसाला कुणी विचारलं, बाबा, तुझ्या भिंतीवर काय काढू? कशाला विचारतील? भिंत त्याच्यासाठी रंगवलीच नव्हती. त्याला झाकायला रंगवली होती.

आता येरवड्याच्या आतल्या भिंती बघा. पत्र्याच्या घराला निळा रंग, त्यावर कोटातले बाबासाहेब, एक बोट वर. पेंटरला शरीररचना येत नसेल, हात जरा लांब झालाय, पण नजर चुकलेली नाही. पुढच्या गल्लीत सावित्रीमाई. त्याच्यापुढं लहुजी वस्ताद, अण्णाभाऊ साठे. चौकात पंचशील. नळाच्या कट्ट्यावर पांढऱ्या चुन्यानं 'जय भीम', त्यावर पाण्याचे ओघळ. हे कुणी काढलं? वस्तीतल्याच पोरांनी, वर्गणी काढून, रात्री जागून. ह्याला कुणी आर्ट म्हणालं का? फोटो काढायला कुणी आलं का?

भल्या लोकांचं म्हणणं मला ठाऊक आहे. ते म्हणतात, ती कला आणि हा प्रचार. मी विचारतो, पक्षी काढून गरिबी झाकणं हा प्रचार नाही तर काय? महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाला बंदी करणारा 1995 चा कायदा आहे. त्या कायद्याला चित्र दिसत नाही, परवानगी दिसते. परवानगी कुणाला मिळते हे तुम्हाआम्हाला सांगायला नको. ज्याच्या हातात परवानगीचा कागद तो कलावंत. ज्याच्या हातात नुसताच ब्रश तो गुन्हेगार.

नामांतराची लढाई आठवा. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं ठराव केला आणि 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. मधल्या सोळा वर्षांत मराठवाड्यात घरं जळली, माणसं मेली. त्या काळात आपलं म्हणणं छापायला कुणाचा पेपर होता? चुना होता, गेरू होता, रात्र होती आणि भिंत होती. भिंत हाच आपला पेपर होता.

आणि आज आपण त्या पेपराचं काय केलं, दोस्तहो? हे दुखणारच, पण ऐका.

पहिली गोष्ट. पेंटर गेला, फ्लेक्स आला. फ्लेक्सवर बाबासाहेब अंगठ्याएवढे आणि इच्छुक उमेदवार पुरुषभर उंच. खाली बिल्डरचं नाव. ज्याला उद्या आपली गल्ली पाडायचीय तोच आज जयंतीचा खर्च करतो आणि आपण त्याच्याच पैशाच्या डीजेवर नाचतो.

दुसरी गोष्ट. निळी भिंत बौद्धांची, पिवळी मातंगांची, अशी वाटणी आपणच करून ठेवलीय. अरे, 1958 साली मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन अण्णाभाऊंनी केलं, हे निळ्या भिंतीवर का लिहीत नाही? आणि पिवळ्या भिंतीवर संविधान लिहायला कुणी हात धरलाय?

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. येरवड्यात सगळीकडे बाबासाहेबांचं चित्र आहे. पण ह्याच येरवड्याच्या जेलात 24 सप्टेंबर 1932 ला काय झालं, हे मी फिरलो त्या एकाही भिंतीवर लिहिलेलं नाही. जातीय निवाड्यानं आपल्याला 71 जागा आणि स्वतंत्र मतदारसंघ दिला होता, शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत. दोन मतं! त्याविरुद्ध 20 सप्टेंबरला गांधींनी उपोषण मांडलं. गांधी मेले असते तर गावोगावच्या महारामांगांचं काय झालं असतं, हे बाबासाहेबांना दिसत होतं. करारावर त्यांनी सही केली, गांधींची सही त्यावर नाही. जागा 71 च्या 148 झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला, दुसरं मत गेलं. राखीव जागेवर कोण निवडून यावं हे सगळ्यांच्या मतांवर ठरू लागलं. पन्नास वर्षांनी, 24 सप्टेंबर 1982 ला, कांशीरामांनी ह्याच्यावरच 'द चमचा एज' हे पुस्तक काढलं. आज राखीव जागेवरचा आपला आमदार अत्याचार झाला की मुका का होतो, त्याचं एक मूळ ह्या जेलात आहे. 26 जानेवारी 2021 पासून सरकारनं तिथं तुरुंग पर्यटन सुरू केलं. लोक गांधींचा यार्ड बघून येतात. भिंतीच्या बाहेर राहणाऱ्या पोराला दुसऱ्या मताचा हिशोब कोण सांगणार?

घाई करा, कारण भिंती जाणार आहेत. येरवड्यात काही वस्त्यांत जेएनएनयूआरएमच्या योजनेतून जागच्या जागीच पक्की घरं उठली, 270 चौरस फुटांची. घर नवं झालं, पण गल्ली राहिली, शेजार राहिला, भिंत राहिली. टॉवरची योजना येते तेव्हा गल्लीच मरते. लिफ्टशेजारच्या भिंतीवर सोसायटी बाबासाहेब काढू देईल? नियम दाखवेल. म्हणून वस्तीत पुनर्वसनाचा कागद आला की घर किती फुटांचं एवढंच विचारू नका. चौक कुठं, विहार कुठं, आमची भिंत कुठं, हेही विचारा आणि लिहून घ्या.

बाकी काम साधं आहे. येत्या 24 सप्टेंबरला येरवड्यात दहा भिंती धरा. घरमालकाला विचारून धरा, ती माणसं आपलीच आहेत. वस्तीतला म्हातारा पेंटर शोधा, त्याला मजुरी द्या, फुकट राबवू नका. वर्गणी आपली, उमेदवाराचा रुपया नको. बाबासाहेबांच्या चित्राखाली कुणाचं नाव टाकू नका. तारीख टाका. 71 लिहा, 148 लिहा, आणि त्याखाली मोठ्या अक्षरात विचारा : दुसरं मत कुठं गेलं?

कुणी पुसलं तर पुन्हा लिहा. चुना स्वस्त आहे.

जय भीम!